परकी त्वचा आणि पीटर मेडावार

जळीत विभागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हा प्रसंग अनुभवलेला असतो. आत अर्धे अंग भाजलेला पेशंट असतो आणि बाहेर उभा असलेला भाऊ किंवा वडील आपली कातडी काढून त्याला लावा म्हणून हात जोडत असतात. तुमची त्वचा लावली तरी ती कायम टिकणार नाही, काही आठवड्यांत शरीर ती टाकून देईल, असे त्यांना सांगणे जड जाते. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्यांची त्वचा परकी कशी, हे त्यांना पटत नाही. या प्रश्नाचा पहिला नीट उलगडा केला तो सर पीटर मेडावार यांनी.

मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. ऑक्सफर्डमधून त्यांनी प्राणिशास्त्राची पदवी घेतली. ते डॉक्टर नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू असताना त्यांच्या घराजवळ एक बॉम्बफेकी विमान कोसळले आणि त्यातला एक तरुण वैमानिक भयंकर भाजला. त्याच्यासाठी काही करता येईल का, असे एका डॉक्टरांनी मेडावार यांना विचारले. तिथून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

ते ग्लासगोच्या रुग्णालयात जाऊन शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांच्यासोबत काम करू लागले. तिथे एका भाजलेल्या तरुणीच्या जखमांवर तिच्या स्वतःच्या त्वचेचे आणि तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावण्यात आले. तिचे स्वतःचे तुकडे रुजले, भावाचे गळून पडले. सुमारे दोन आठवड्यांनी भावाचीच त्वचा पुन्हा लावली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाली. १९४३ मध्ये दोघांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराने परकी त्वचा लक्षात ठेवली होती. म्हणजे हा दोष शस्त्रक्रियेचा नव्हता. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, त्याच प्रतिकारशक्तीचा हा खेळ होता.

मग हा नकार टाळता येईल का? जुळ्या वासरांनी वाट दाखवली. जुळी वासरे एकसारखी नसली तरी एकमेकांची त्वचा स्वीकारतात, असे मेडावार यांना आढळले. गर्भात असताना त्यांचे रक्त एकमेकांत मिसळते, हे अमेरिकेतील रे ओवेन यांनी आधीच दाखवले होते. मेडावार यांनी रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांच्यासह उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींनी त्या वाणाची त्वचा आपलीशी केली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा तुकडा सुखाने वाढू लागला. १९५३ च्या या प्रयोगासाठी १९६० मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. मेडावार यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतला हिस्सा बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना दिला.

हा नकार रक्तद्रवातून नव्हे, तर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमार्फत दिला जातो, हेही त्यांच्या गटाच्या कामातून पुढे आले. मात्र या पेशी तयार कुठे होतात, याबाबत मेडावार चुकले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यातल्या लिम्फोसाइटना विशेष महत्त्व नाही, असे त्यांचे मत होते. पण १९६१ मध्ये लंडनमध्येच जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली आणि ते उंदीर परकी त्वचा निमूटपणे स्वीकारू लागले. टी पेशींमधला टी हा थायमसचाच.

आज आपल्याला माहीत आहे की या पेशी अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येतात आणि तिथे त्यांच्या दोन परीक्षा होतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती बाहेर धरून दाखवतात. ही प्रथिने ओळखता आली नाहीत तर टी पेशी पहिल्या परीक्षेत नापास. शरीराच्याच तुकड्यांना घट्ट चिकटली तर दुसऱ्या परीक्षेत नापास. नापास झालेल्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. शंभरातल्या जेमतेम दोन-पाच बाहेर पडतात. त्यांतल्या काही विषाणूग्रस्त पेशींना मारतात, काही इतर पेशींना कामाला लावतात, काही आठवण जपतात. सख्ख्या भावंडांतही एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून भावाची त्वचा परकी ठरते, आणि दुसऱ्या वेळी अधिक लवकर. गर्भातल्या उंदरांना मात्र परक्या पेशी या शाळेच्या वयातच भेटल्या, म्हणून त्या आपल्या ठरल्या.

१९६९ मध्ये एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये वाचन करत असताना मेडावार यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वय अवघे चोपन्न. पण पत्नी जीन यांच्या साथीने त्यांनी पुढची अनेक वर्षे संशोधन केले, पुस्तके लिहिली. २ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

मूत्रपिंड बसवलेला एखादा पेशंट वर्षभराने भेटतो आणि बरे वाटते म्हणून गोळ्या बंद केल्याचे सांगतो, तेव्हा मला ग्लासगोची ती तरुणी आठवते. बाहेरून सगळे शांत दिसले, तरी टी पेशी परक्याला विसरलेल्या नसतात. गोळ्या त्यांना फक्त आवरून धरतात. म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नयेत.