जो लुईस

जोसेफ लुईस बॅरो ऊर्फ जो लुईस (१३ मे, इ.स. १९१४ - १२ एप्रिल, इ.स. १९८१) हे अमेरिकन मुष्टियोद्धे होते. हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद त्यांनी सलग अकरा वर्षे आठ महिने आपल्याकडे राखले आणि या काळात २५ आव्हानवीरांच्या लढती परतवून लावल्या. निवृत्तीनंतर करांच्या थकबाकीमुळे त्यांना व्यावसायिक कुस्तीत उतरावे लागले. त्यांच्या चाहत्यांना ही गोष्ट मानहानीची वाटली.

प्रारंभिक जीवन

लुईस यांचा जन्म अलाबामा राज्यातील चेंबर्स परगण्यात एका गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत राहिलेले होते. इ.स. १९२६ मध्ये हे कुटुंब डेट्रॉइट शहरात स्थलांतरित झाले. तेथेच लुईस मुष्टियुद्ध शिकले. ४ जुलै, इ.स. १९३४ रोजी त्यांनी शिकागो येथे पहिली व्यावसायिक लढत जिंकली.

मुष्टियुद्धातील कारकीर्द

पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेते जॅक जॉन्सन यांच्याविषयी गौरवर्णीय समाजात मोठा रोष होता. त्यामुळे लुईस यांच्या व्यवस्थापकांनी त्यांना रिंगणात व बाहेर संयमाने वागण्याची शिस्त लावली. पराभूत प्रतिस्पर्ध्याला न हिणवणारा प्रामाणिक खेळाडू अशी त्यांची प्रतिमा निर्माण झाली.

इ.स. १९३५ मध्ये त्यांनी माजी जगज्जेते, इटलीचे प्रिमो कार्नेरा यांना हरवले. इ.स. १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग यांच्याकडून त्यांना पहिला पराभव पत्करावा लागला. २२ जून, इ.स. १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉक यांना नमवून ते जगज्जेते झाले. बरोबर एका वर्षाने त्यांनी श्मेलिंग यांना पहिल्याच फेरीत पराभूत केले. नाझी राजवटीने श्मेलिंग यांच्या नावाचा प्रचारासाठी वापर केल्यामुळे या विजयाला राजकीय अर्थ प्राप्त झाला.

करांची थकबाकी

इ.स. १९४२ मध्ये लुईस सैन्यात दाखल झाले. त्या वर्षीच्या दोन लढतींचे मानधन त्यांनी नौदल व भूदलाच्या साहाय्यता निधींना दिले. मात्र युद्धकाळात त्यांची कराची देणी साचत गेली. व्यवस्थापकांचा गैरहिशेब, उसनवारी आणि सढळ खर्च यांमुळे पुढे व्याज व दंडासह ही रक्कम दहा लाख डॉलरांवर गेली. १ मार्च, इ.स. १९४९ रोजी निवृत्त झालेले लुईस देणी फेडण्यासाठी पुन्हा रिंगणात आले. परंतु एझर्ड चार्ल्स (इ.स. १९५०) आणि रॉकी मार्सियानो (इ.स. १९५१) यांच्याकडून ते पराभूत झाले.

व्यावसायिक कुस्ती

मार्च, इ.स. १९५६ मध्ये वॉशिंग्टन येथे लुईस यांनी 'काउबॉय' रॉकी ली यांच्याविरुद्ध पहिली व्यावसायिक कुस्ती केली. लढतीत लुईस यांचा विजय झाला. तथापि अशा कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असे. महाराष्ट्रात अशा लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि ती खेळणाऱ्या पैलवानाची पत घसरते. खऱ्या लढतींसाठी नावाजलेल्या लुईस यांनी असा खेळ करावा, हे अनेकांना रुचले नाही. त्यांच्या पत्नी रोझ मॉर्गन यांनाही ते पसंत नव्हते. लुईस मात्र याकडे प्रामाणिक उपजीविकेचे साधन म्हणून पाहत.

या मार्गाने जाणारे ते एकटे नव्हते. कार्नेरा इ.स. १९४६ पासून कुस्ती खेळत होते. त्यांच्या अनेक मुष्टियुद्धांवर संगनमताचा संशय घेतला गेला होता. त्यांना कुस्तीने पैसा आणि लोकप्रियता मिळवून दिली. लुईस यांच्या बाबतीत मात्र पूर्वीची निष्कलंक कीर्तीच टीकेला कारण झाली. कुस्तीत फासळ्यांना व हृदयाला इजा झाल्याने त्यांची ही कारकीर्द लवकर आटोपली. पुढे ते अधूनमधून कुस्त्यांमध्ये पंच म्हणून काम करीत.

उत्तरायुष्य व मृत्यू

इ.स. १९६० च्या दशकात कर खात्याने जुन्या थकबाकीचा तगादा सोडून चालू उत्पन्नावरच कर घेण्याचे मान्य केले. अखेरच्या वर्षांत लुईस लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस येथे पाहुण्यांच्या स्वागताचे काम करीत. १२ एप्रिल, इ.स. १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियम शिथिल केल्यामुळे आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांचा दफनविधी झाला. अंत्यविधीच्या खर्चाला त्यांचे एकेकाळचे प्रतिस्पर्धी आणि नंतरचे मित्र श्मेलिंग यांनी हातभार लावला. इ.स. १९८२ मध्ये लुईस यांना अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक मरणोत्तर जाहीर झाले.