मागेल त्याला काम : दुष्काळाला हमीचा बांध घालणारे वि. स. पागे

बीड : बालाघाटच्या डोंगररांगेतून आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या बाजूने जाताना माळरानावर ठिकठिकाणी मातीचे बांध दिसतात. पावसाळ्यात त्यांच्यामागे पाणी साठते. उन्हाळा लागण्यापूर्वी ते आटून जाते. पण खालच्या शिवारातील विहिरींना त्यामुळे काही आठवडे अधिक पाणी राहते. हे पाझर तलाव. यांतील कित्येक तलावांची माती ज्या हातांनी वाहिली, ते हात रोजगार हमीच्या कामावरचे होते. ही हमी ज्यांच्या विचारातून आकाराला आली ते विठ्ठल सखाराम पागे बीड जिल्ह्याचे नव्हते. त्यांचे सारे आयुष्य सांगली जिल्ह्याशी आणि विधिमंडळाशी जोडलेले होते. तरीही दुष्काळाशी सामना करण्याची बीडची रीत ज्यांच्यामुळे बदलली, त्यांत पागे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

या बदलाचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीचा काळ पाहावा लागतो. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८९१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, ती सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली. या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले होते, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चा. कोणी उपासमारीने गेले, कोणी रोगराईने, तर कोणी गाव सोडून परागंदा झाले. दीड लाख माणसांची घट हा केवळ आकडा नव्हता. ओस पडलेल्या वाड्यावस्त्यांची ती नोंद होती.

ब्रिटिश मुलखात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. पीक बुडाले की आणेवारी काढायची, टंचाई जाहीर करायची, आधी चाचणी कामे काढून किती माणसे येतात ते पाहायचे आणि मग मोठी कामे सुरू करायची, अशी ही पद्धत होती. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते. परंतु त्यात एक वैगुण्य होते. दुष्काळ पडला आहे की नाही, हे सरकार ठरवी. भुकेल्या माणसाने कामाची वाट पाहायची आणि मिळेल ते उपकार म्हणून घ्यायचे. स्वातंत्र्यानंतरही या चौकटीत फारसा फरक पडला नव्हता.

शेतावरून विधिमंडळाकडे

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण गांधीविचाराने भारावला आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरला. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका ही त्यांची कर्मभूमी. सर्वोदयाची ओढ आणि संतसाहित्याचा व्यासंग यांमुळे राजकारणात असूनही त्यांची ओळख अभ्यासू व साध्या राहणीचा माणूस अशीच राहिली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे १८ वर्षे, त्या आसनावर राहिले. सभापतीने कोणत्याही वादात बाजू घ्यायची नसते. मंत्रिपदही त्यांच्याकडे नव्हते. अशा माणसाने राज्याच्या ग्रामीण धोरणाला वळण द्यावे, ही विशेष बाब होय.

तासगावचा भाग पर्जन्यछायेतला. सुगी संपली की भूमिहीन मजुराच्या हाताला काम उरत नसे. त्याच वेळी आजूबाजूच्या जमिनी बांधबंदिस्तीवाचून धुपत होत्या आणि नाल्यांचे पाणी वाहून जात होते. जमिनीला कष्टांची गरज होती आणि कष्ट करणारे हात रिकामे होते. या दोहोंची सांगड घातली तर मजुराला कोरड्या महिन्यांत अन्न मिळेल आणि पुढच्या अवर्षणाला तोंड देण्याची जमिनीची ताकदही वाढेल, असा पागे यांचा साधा हिशेब होता. १९६५ मध्ये त्यांनी तो तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवला. नाईक स्वतः शेतकरी कुटुंबातले. त्यांना तो पटला. तासगाव तालुक्यात प्रायोगिक काम झाले, पुढे राज्यात आणखी काही ठिकाणी ते नेण्यात आले आणि १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्याच्या कार्यक्रमात दाखल झाली.

बहात्तरची परीक्षा

योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात आजही नुसत्या बहात्तर या आकड्याने ओळखला जातो. आधीची दोन वर्षेही अपुऱ्या पावसाची होती. आता खरीप गेला आणि रब्बीचीही आशा मावळली. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, अहमदनगर, सोलापूर या पट्ट्यात विहिरी कोरड्या पडल्या आणि जनावरे दावणीला मेली. कोवळी रोजगार हमी बाजूला ठेवून सरकारला जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे प्रचंड प्रमाणावर काढावी लागली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

बीडमध्ये ज्यांच्या हाती एरवी विळा-खुरपे असे, ते खडी फोडू लागले. जमीनदाराची सून आणि भूमिहीनाची बायको एकाच हजेरीपटावर आल्या. परदेशातून आलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळे. कामावर मुलांना आणि आयांना सुकडी वाटली जाई. देशी-परदेशी स्वयंसेवी संस्थाही मदतीला धावल्या. धान्य, दूध भुकटी आणि औषधे हे त्यांच्या मदतीचे नेहमीचे स्वरूप. पण मराठवाड्यात काहींनी त्यापुढचा विचार केला होता. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने कठीण खडक भेदणारी यंत्रे आणून विंधनविहिरी घेण्याचे काम साठच्या दशकातच सुरू केले होते. साध्या विहिरी आटल्यावरही खोल खडकातले पाणी गावाला तारू शकते, हे या कामाने दाखवून दिले. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांतूनच पुढे देशभर पसरलेल्या इंडिया मार्क दोन पंपाचा आराखडा विकसित झाला.

एवढ्या मोठ्या अवर्षणात १८९९ सारखा मृत्यूंचा खच पडला नाही, हे बहात्तरचे यश. अभ्यासकांनी पुढे त्याची दखल जगभर घेतली. पण एक सल राहिला. संकट आल्यावर घाईने कामे शोधावी लागली. आराखडे तयार नव्हते, तांत्रिक माणसे अपुरी होती. त्यामुळे लाखो हात खडी फोडण्यात खर्ची पडले. फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होते. तेवढ्याच श्रमांत किती नाले अडवता आले असते, किती शेतांना बांध पडले असते, हा प्रश्न पागे यांच्या मांडणीच्या मुळाशी होता. आपत्तीची तयारी आपत्तीपूर्वीच करावी लागते, हे सूत्र बहात्तरने महाराष्ट्राला महाग किमतीला शिकवले.

मदतीचा झाला हक्क

दुष्काळी कामे आटोपल्यावर १९७४ पासून रोजगार हमी पुन्हा मार्गी लागली. पैशाचा प्रश्न होताच. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घेतलेला हा कर आणि राज्याचा तेवढाच वाटा, यांतून खेड्यातील मजुरी देण्याची व्यवस्था उभी राहिली. पगारपत्रकावर दरमहा दिसणाऱ्या या लहानशा कपातीचा उगम दुष्काळी माळरानावर आहे, हे आज फारच थोड्या नोकरदारांना ठाऊक असते.

१९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला. विधान परिषदेत त्या वेळी सभापतिपदी पागे होते. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते १५ दिवसांच्या आत देणे सरकारवर बंधनकारक ठरले. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागे. स्त्री-पुरुषांना कामाचा दर समान होता. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांची सोय असावी, असेही ठरले. मुख्य म्हणजे टंचाई जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आता मजुराच्या अर्जापासून सुरुवात होऊ लागली.

दुसरा बदल शासकीय दप्तरात झाला. प्रत्येक जिल्ह्यात कोणती कामे घ्यायची याचा आराखडा आणि अंदाजपत्रके आधीच तयार ठेवायची, म्हणजे मागणी येताच काम उघडता येईल, अशी ही रचना होती. जिल्हाधिकारी, तहसीलदार, पाटबंधारे, मृदसंधारण आणि वनखाते यांना एका सूत्रात बांधले गेले. मृदसंधारण, नालाबांध, पाझर तलाव अशा उत्पादक कामांना प्राधान्य मिळाले. जगभरातील मदत संस्था आज आपत्तीपूर्व सज्जतेविषयी जे बोलतात, त्याची ही सरकारी पातळीवरील एक मोठी तालीमच होती.

बीडचा ताळेबंद

कायदा चांगला असला तरी तो राबवणारे हात नेहमीच चांगले नसतात. खोट्या हजेऱ्या, उशिरा होणारा पगार, मापातील घोळ, अर्धवट सोडलेले रस्ते यांच्या तक्रारी राज्यभर होत राहिल्या. पाळणाघरे बहुधा कागदावरच राहिली आणि झाडाला बांधलेल्या झोळीतच मुले झोपली. बीडमध्ये आणखी एक मर्यादा उघड झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे आजही पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून मिळणारी उचल एकरकमी असते. हमीच्या कामाची मजुरी तशी हाती पडत नाही. त्यामुळे हमी असूनही कोयता सुटला नाही.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, भूमिहीन स्त्रियांना गावाजवळ, कोणाच्या मेहेरबानीवाचून मजुरी मिळण्याचा मार्ग या योजनेने खुला केला. कामाची मागणी घेऊन तहसील कचेरीवर जाणारे मजुरांचे मोर्चे हे ग्रामीण महाराष्ट्राचे नवे दृश्य ठरले. पूर्वी मदत मागणारा हात पसरलेला असे. आता त्या हातात अर्ज होता.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. त्याच सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर व माळावर आंबा, बोर, सीताफळ उभे राहू लागले. बालाघाटच्या खडकाळ जमिनीत तग धरणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता. तो दिवस पाहण्यास पागे नव्हते.

दुष्काळ मात्र संपला नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये बीडमध्ये पुन्हा चारा छावण्या आणि टँकर आले. या वेळी स्वयंसेवी संस्थांची वाट अधिक स्पष्ट होती. अंबाजोगाईत १९८२ पासून काम करणारी मानवलोक, २०१५ मध्ये स्थापन झालेली नाम फाउंडेशन, २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी अंबाजोगाई तालुका निवडणारी पानी फाउंडेशन, या साऱ्यांच्या कामात माती आणि पाणी अडवण्यावर भर राहिला. तात्पुरत्या मदतीइतकेच पुढच्या पावसासाठी शिवार तयार ठेवणे महत्त्वाचे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. साठ वर्षांपूर्वी तासगावच्या कोरड्या शिवारातून पागे यांनी मांडलेला हिशेब याहून वेगळा नव्हता.

बीडच्या माळावरील अनेक पाझर तलाव आज गाळाने भरले आहेत. तो गाळ काढण्याचे काम दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे चालू असते. पुढील अवर्षण कधी येईल हे कोणाला सांगता येत नाही. ते येण्यापूर्वी तलाव रिकामे, आराखडे तयार आणि मजुरीचे पैसे वेळेवर असावेत, एवढीच या हमीमागची अपेक्षा होती आणि ती आजही पुरती फिटलेली नाही.