मराठा खंदकाच्या शहरात शिवोत्सव रुजवणारे सखाराम देऊस्कर

कोलकाता : देशभरात दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. १९०५ मध्ये याच दिवशी कोलकात्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावर बहिष्काराचा ठराव संमत झाला आणि स्वदेशी चळवळीला औपचारिक प्रारंभ झाला. परकीय राजवटीत देशाची संपत्ती कशी ओसरत आहे, हे सांगणारे ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक त्याच्या वर्षभर आधी वाचकांच्या हाती आले होते. त्याचे लेखक मराठी होते : सखाराम गणेश देऊस्कर.

देऊस्करांचे पूर्वज कोकणातले. सखारामांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी आजच्या झारखंडमधील देवघरजवळच्या करों गावी झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले आणि आत्याने त्यांचा सांभाळ केला. घरात मराठी आणि शाळेत बंगाली, अशा दोन भाषांत ते वाढले. देवघरला वास्तव्यास असलेले विचारवंत राजनारायण बसू यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १८९३ मध्ये ते देवघरच्या शाळेत शिक्षक झाले. मात्र ‘हितवादी’ साप्ताहिकातून इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर लिहिल्यामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली. ते कोलकात्यात आले आणि त्याच ‘हितवादी’त मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले. पुढे ते या पत्राचे संपादक झाले.

ज्या शहरात त्यांनी लेखणी चालवली, त्या शहराची मराठ्यांविषयीची आठवण कडवट होती. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी १७४२ पासून सुमारे दशकभर बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खणलेला खंदक ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. लूटमार करणाऱ्या ‘बर्गीं’चे भय लेकरांच्या अंगाईगीतांतही उतरले होते.

अशा भूमीत शिवाजी महाराजांचा उत्सव रुजवणे सोपे नव्हते. लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात चालना दिलेला हा उत्सव १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू करण्यात देऊस्करांनी पुढाकार घेतला. शिवचरित्रावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांनी कविता लिहून दिली. जून १९०६ च्या उत्सवाला स्वतः टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. बाळकृष्ण मुंजे उपस्थित होते. त्या वेळी झालेल्या भवानीपूजनावर मात्र टीकाही झाली. राष्ट्रीय उत्सवाला एका धर्माच्या पूजेचे रूप दिल्यास इतर समाज दुरावतील, असा आक्षेप घेण्यात आला.

‘देशेर कथा’ची मांडणी वेगळ्या पायावर उभी होती. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेले आर्थिक शोषणाचे विवेचन देऊस्करांनी सामान्य वाचकाला कळेल अशा बंगालीत आणले. बुडालेले हातमाग, वाढता शेतसारा आणि दुष्काळ यांचा परस्परसंबंध त्यांनी आकडेवारीसह दाखवला. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आल्यानंतर पेटलेल्या आंदोलनात हे पुस्तक कार्यकर्त्यांचा आधार ठरले. देऊस्करांचे भाचे, पत्रकार बाबूराव विष्णू पराडकर यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेस दुभंगली. त्यानंतर टिळकांविरुद्ध लिहावे, असा ‘हितवादी’च्या चालकांचा आग्रह होता. देऊस्करांनी लिहिण्यास नकार देत संपादकपदाचा राजीनामा दिला. लिखाणापायी नोकरी सोडावी लागण्याची ही दुसरी वेळ होती. त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या संस्थेत अध्यापन केले. याच परिषदेच्या कार्यातून पुढे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले.

१९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’ आणि टिळकांच्या खटल्यावरील त्यांचे पुस्तक जप्त केले. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली, ती पाहण्यास देऊस्कर हयात होते. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मराठा खंदक केव्हाच बुजवला गेला. त्याच्या मार्गावरून जाणाऱ्या सर्क्युलर रोडला आज आचार्य जगदीशचंद्र बसू आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांची नावे आहेत. स्वदेशीच्या ठरावाची तारीखही राष्ट्रीय दिनदर्शिकेत नोंदली गेली आहे. त्या ठरावामागची आकडेवारी बंगाली घराघरांत पोहोचवणाऱ्या देऊस्करांची ओळख मात्र महाराष्ट्रातच आज फार थोड्यांना आहे.