मादाम क्युरी : अदृश्य किरणांचे मोल

सातारा, कराड किंवा सांगली-मिरज परिसरातील रुग्णालयात अँजिओग्राफीसाठी गेलेल्या आपल्या बांधवांनी एक दृश्य पाहिले असेल. टेबलावर रुग्ण झोपलेला असतो. मनगटातून वा जांघेतून बारीक नळी त्याच्या रक्तवाहिनीत सरकवली जाते. क्ष-किरणांच्या साहाय्याने पडद्यावर तिचा मार्ग पाहणारे डॉक्टर व परिचारिका अंगावर जड ॲप्रन चढवून उभे असतात. हे ओझे कशासाठी, याचे उत्तर मादाम मेरी क्युरी यांच्या जीवनात सापडते.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. आई श्रद्धाळू कॅथोलिक होती. थोरली बहीण आणि पाठोपाठ आई यांच्या मृत्यूने दहा वर्षांच्या या मुलीची श्रद्धा हादरली व ती पुढे धर्माचरणापासून दूर गेली. सेवाभाव मात्र आयुष्यभर टिकला. १८९१ मध्ये त्या शिक्षणासाठी पॅरिसला गेल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली, पण त्यांचे पेटंट घेतले नाही. मेरी यांना १९०३ व १९११ मध्ये नोबेल पारितोषिके मिळाली. दरम्यान, १९०६ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पिएर यांचे निधन झाले होते.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या व मोडलेली हाडे जागेवरच दिसावीत म्हणून मेरी यांनी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या सुमारे २० मोटारगाड्या सज्ज केल्या आणि २०० स्थिर केंद्रे उभारली. स्वतः मोटार चालवण्यास शिकून, १७ वर्षांची कन्या इरीन हिला सोबत घेऊन त्या आघाडीवर गेल्या. या सेवेमुळे दहा लाखांहून अधिक सैनिकांची तपासणी झाली. परंतु किरणांपासून बचावाची साधने तेव्हा फारच तुटपुंजी होती.

४ जुलै १९३४ रोजी, अस्थिमज्जेत रक्त तयार होईनासे झाल्याने त्यांचे निधन झाले. रेडियमनेच त्यांचा बळी घेतला, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र १९९५ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन स्मारकात त्यांचे अवशेष हलविताना मोजमाप करण्यात आले. रेडियम शरीरात गेले असते तर शेकडो वर्षे टिकले असते. प्रत्यक्षात किरणोत्सर्ग अल्प आढळला. त्यामुळे युद्धकाळातील क्ष-किरणच अधिक कारणीभूत असावेत, असे तज्ज्ञांचे मत झाले. इरीन यांचेही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

आज यंत्र बंद होताच क्ष-किरण थांबतात. रुग्णाच्या शरीरात काही उरत नाही. म्हणून आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळू नये. मात्र पूर्वी झालेल्या अशा तपासण्या व उपचार, तसेच गर्भधारणेची शक्यता डॉक्टरांना अवश्य सांगावी. दीर्घ प्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पाठीची त्वचा लाल झाल्यास तेही कळवावे. रुग्णासाठी हा प्रसंग क्वचित येतो; डॉक्टर व कर्मचाऱ्यांसाठी तो रोजचा असतो. रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण त्यांच्यापर्यंत पोहोचतात. अंतर दुप्पट केले तर मात्रा साधारण चौथाईवर येते. ॲप्रन, गळपट्टा, शिशाची काच आणि छातीवरील किरणमापक बिल्ला ही त्यांची ढाल होय.

बरे होऊन घरी परतताना त्या ॲप्रनखाली दिवसभर उभ्या असणाऱ्या सेवकांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.