विश्लेषण : निवासी डॉक्टरांना घराची किल्ली देणारे डॉ. ऑस्लर कोण होते?

निवासी डॉक्टरांना वैद्यकीय ज्ञानासोबतच हक्काचा मार्गदर्शक प्राध्यापक, म्हणजे ‘मेंटॉर’ही हवा, असा आग्रह आता धरला जातो. या विचाराचा माग काढताना डॉ. विल्यम ऑस्लर यांचे नाव आवर्जून येते.

ऑस्लर यांना कोणी घडवले?

त्यांचा जन्म १८४९ मध्ये कॅनडात झाला. शाळेत धर्मगुरू जॉन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली. टोरांटोत डॉ. बोव्हेल यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. माँट्रियलमध्ये डॉ. हॉवर्ड यांनी आपले ग्रंथालय त्यांच्यासाठी खुले केले. १८९२ चे आपले गाजलेले वैद्यकीय पाठ्यपुस्तक ऑस्लर यांनी या तिघांनाच अर्पण केले.

निवासी पद्धत कशी रुजली?

१८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. ऑस्लर तेथे वैद्यकशास्त्राचे, तर हॅल्स्टेड शस्त्रक्रियेचे प्रमुख होते. पदवीधर डॉक्टर रुग्णालयातच राहत आणि टप्प्याटप्प्याने जबाबदारी स्वीकारत. ‘निवासी’ हा शब्द त्यातूनच आला. मात्र या प्रशिक्षणाला ठरावीक मुदत नव्हती. वर्षानुवर्षे राबूनही वरच्या पदावर मोजकेच पोहोचत.

किल्लीचा किस्सा काय?

ऑस्लर यांच्या शेजारच्या घरात काही तरुण डॉक्टर राहत. त्यांना ऑस्लर दाम्पत्याने आपल्या घराची किल्लीच दिली होती. कधीही यावे, ग्रंथालयात वाचत बसावे. त्यांतील हार्वी कुशिंग तर हॅल्स्टेड यांच्या विभागात तयार झालेले शल्यचिकित्सक. पण ऑस्लर यांनी विभागाची भिंत मानली नाही. विद्यार्थ्यांनाही ते शनिवारी संध्याकाळी घरी बोलावत. आठवडाभरातील रुग्णांची चर्चा होई, मग जुने वैद्यकीय ग्रंथ उघडले जात.

पुढे काय झाले?

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला गेले. १९१७ मध्ये त्यांचा मुलगा रेव्हिअर पहिल्या महायुद्धात मारला गेला. १९१९ मध्ये ऑस्लर यांचे निधन झाले. कुशिंग यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला १९२६ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आज त्याचे महत्त्व काय?

ऑस्लर यांचा जिव्हाळा हा नियम नव्हता, तो त्यांचा स्वभाव होता. ज्याला असा शिक्षक लाभला नाही, त्याने कोणाकडे जायचे, याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक निवासी डॉक्टरला एक प्राध्यापक नेमून देणाऱ्या आजच्या योजना हीच उणीव भरून काढू पाहतात. मात्र नुसते नाव नेमून भागत नाही. प्राध्यापकाने त्यासाठी वेळही राखून ठेवावा लागतो.