डोकेदुखी, किहीम आणि सुगरण

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेलच. सोमवारी एकदम फ्रेश, बुधवारी गायब. मायग्रेन, दमा, नाहीतर आणखी काही. सेमिस्टर संपताना मेडिकल सर्टिफिकेट घेऊन ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि समोरच्याची ती नजर झेलायची: परत तू? कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल.

घरातल्या मोठ्यांचंही असं असतं. एखाद्या आजोबांचं हृदय मधूनच लय सोडतं. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी पळते. त्यावर ॲब्लेशन करतात. म्हणजे पायाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, बिघाड करणाऱ्या विद्युत संदेशांची वाट जाळून किंवा गोठवून बंद करतात. अनेकांना आराम पडतो. काहींची लय मात्र काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा बिघडते. मग पुन्हा तपासण्या, गोळ्या, कधी दुसरं ॲब्लेशन. असा माणूस धड आजारी नसतो आणि धड बराही नसतो. घरचे विचारतात, आता सगळं ठीक ना? आणि याला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही.

अशा येत्या-जात्या दुखण्यामुळे ज्याची शाळा तुटक-तुटक झाली, त्या एका मुलाची ही गोष्ट. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे: सालिम अली.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. वडील गेले तेव्हा तो जेमतेम एक वर्षाचा होता, आणि तीन वर्षांचा असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी भावंडांना वाढवलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने सालिमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून ठेवलेले पक्ष्यांचे ड्रॉवर उघडून दाखवले. हा किस्सा तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला असेल.

पुस्तकात बहुतेक वेळा सुटतं ते पुढचं. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याचं डोकं दुखायला लागलं. एकदा दुखून थांबलं असं नाही, पुन्हा पुन्हा. वर्ग वारंवार बुडायला लागला. कोरड्या हवेने बरं वाटेल म्हणून त्याला सिंधमध्ये एका काकांकडे पाठवण्यात आलं. अशा खंडांमधून अभ्यास किती होणार? १९१३ साली तो मॅट्रिक झाला, तोही काठावर.

पुढे झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिलं वर्षच जड गेलं आणि शिक्षण सुटलं. सगळा दोष डोकेदुखीवर टाकता येणार नाही. तरी मधेमधे तुटलेल्या शाळेचा पाया घेऊन कॉलेजात बसणं किती अवघड जातं, हे ज्यांनी केटी भरलीय त्यांना वेगळं सांगायला नको. सालिम ब्रह्मदेशात घरच्यांच्या खाण-लाकडाच्या धंद्यात गेला. मधे मुंबईला परतून व्यापारी कायदा आणि हिशेबाचा कोर्स केला, झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकला. १९१८ मध्ये तहमिनाशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश. धंदा मात्र चालला नाही.

आता हातात काय होतं? पक्ष्यांचं वेड, आणि पदवीचा पत्ता नाही. झूलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाचा कागद नसल्यामुळे ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि एर्विन स्ट्रेसमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला. १९३० मध्ये परतला, तर पैशाअभावी नोकरीच बंद झालेली. वय तेहतीस, बायको बरोबर, पगार शून्य.

मग हे दोघं आले किहीमला. आज तुम्ही गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरता आणि अलिबागच्या रस्त्यावर चोंढीहून समुद्राकडे वळता, तेच किहीम. नारळी-पोफळी, वाळू, आणि पावसाळ्यात विणीला येणाऱ्या सुगरणी. दुसरं काम नव्हतं. सालिम अली त्या घरट्यांकडे बघत बसले. दिवसचे दिवस, कोण काय करतंय याची नोंद ठेवत.

आणि तिथे एक वेगळीच गोष्ट दिसली. आपण सुगरण म्हणतो, नाव बाईचं. पण घरटं विणतो नर. तो अर्धवट विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते, आवडलं तर ताबा घेते. मगच नर उरलेलं घरटं पूर्ण करतो. इतकं झाल्यावर गडी संसारात रमत नाही. जवळच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात असे एकापाठोपाठ एक संसार. सुगरणीच्या विणीचा हा उलगडा १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि बिनपदवीच्या माणसाचं नाव शास्त्रज्ञांमध्ये झालं.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. तहमिना सोबत असायची. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली. लोक सहज म्हणतात ना, छोटंसं ऑपरेशन आहे? त्या घरात ते छोटं नव्हतं. सालिम अली कोसळले. पण काम सुटलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, पुढे डिलन रिप्लेंसोबत दहा खंडांचा ग्रंथ. १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९८७ मध्ये ते गेले तेव्हा नव्वदीत होते.

हे वाचून कुणी असं म्हणू नका की डोकं दुखलं म्हणून सालिम अली घडले. दुखण्याने त्यांना काही दिलं नाही, शाळेची वर्षं घेतली. आणि त्यांच्याकडे मामांचं घर होतं, ओळखी होत्या, किहीमला राहायची सोय होती. सगळ्यांकडे ती नसते.

पण एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पूर्ण बरं वाटेल, सगळं सुरळीत होईल, मग सुरुवात करू, असं ते थांबले असते तर किहीमचा तो पावसाळा वायाच गेला असता. हाताशी एक झाड होतं, त्यावर घरटी होती आणि मोकळे दिवस होते. त्यांनी तेवढ्यावर काम केलं.

तेव्हा दुखणं परत आलं, तर डॉक्टरकडे जा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आजोबांनाही करू देऊ नका. बुडालेल्या लेक्चरचा हिशेब नंतर होईल. ज्या दिवशी बरं वाटतंय, त्या दिवशी वही उघडा. आणि मैत्रीण आठवड्याने वर्गात आली, तर परत तू, असं विचारू नका. तिला नोट्स द्या.