दृष्टी मंदावली, ध्येय उजळले

(दत्तजयंतीनिमित्त)

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली, की पंचगंगेच्या काठच्या गावांतील पावले आपोआप नृसिंहवाडीकडे वळू लागतात. याच दिवसांत एकदा कबनूर येथे दत्तजन्माच्या कीर्तनास आम्ही उभे होतो. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता आणि आत टाळमृदंग. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि रात्रपाळीला निघालेला एक तरुण विणकर पाया पडून उभा राहिला. आपला जन्म कोणत्या कामासाठी आहे हे माणसाने ओळखावे कसे, आणि त्यासाठी कोणाची संगत धरावी, असे त्याने विचारले. आम्ही त्यास भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत आणि त्याचे चोवीस गुरू यांची कथा सांगितली. उत्तर शास्त्राला धरून होते. परंतु परतताना आमच्याच मनाचे समाधान झाले नाही. या प्रश्नाचे उत्तर जगून दाखविणारा पुरुष त्याच्या घरापासून काही कोसांवर, कुरुंदवाडात जन्मला होता. त्याचे चरित्र सांगावयाचे राहून गेले. ते आज सांगतो.

गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. घरात अभंग, आर्या आणि पदे यांचा अखंड वावर. अशा बालकाने शिकून सवरून कोठे चाकरी धरावी, हाच त्या काळचा सरळ मार्ग होता. परंतु नृसिंहवाडीच्या दत्तजयंती उत्सवात शोभेचे दारूकाम चालले असता त्याच्या चेहऱ्याजवळ स्फोट झाला आणि डोळ्यांस कायमची इजा पोहोचली. दत्तजन्माच्या आनंदात एका घरावर अंधार आला. दृष्टी अधू झाली, तेव्हा पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला. उरला तो कंठ. उपचारांसाठी मिरजेस नेलेल्या या मुलाला गाणे शिकवावे, असे ठरले.

येथे पहिली सत्संगती घडली. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे कष्टाने विद्या मिळवून ख्याल गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा त्या वेळी मिरजेस होते. हेच पुढे इचलकरंजीच्या दरबारी राहून इचलकरंजीकर या नावाने प्रसिद्धी पावले. मिरज संस्थानच्या आश्रयाने विष्णूची सोय झाली आणि सुमारे बारा वर्षे त्याने बुवांपाशी अध्ययन केले. तेथे शिस्त कडक होती आणि कौतुक दुर्मिळ. पण विद्या अस्सल होती. ज्याच्यापाशी विद्या आहे त्याच्यापाशी राहावे, मग तो गोड बोलो वा न बोलो, हा धडा आम्हांस यात दिसतो.

उत्तम गाता येऊ लागले, तरी ध्येय अजून सापडले नव्हते. चरित्रकार सांगतात, की मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण विष्णु दिगंबरांना आले. परंतु प्रत्यक्ष गुरूंना आले नाही. त्यांनी विचारणा केली, तेव्हा गवयाची समाजातील किंमत त्यांस कळली. लोकांना गाणे हवे होते, गवई नको होता. अपमानाने माणूस कडवट होतो किंवा जागा होतो. विष्णु दिगंबर जागे झाले. गायनास आणि गायकास प्रतिष्ठा मिळवून देणे, हेच आपले कार्य, हे त्यांनी ओळखले. पुढे गुरुशिष्यांत काहीसे अंतर पडले, आणि १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

संस्थानिकाच्या पदरी राहून सुखाने आयुष्य काढता आले असते. बडोदे, सौराष्ट्र येथे त्यांचा सत्कारही झाला. परंतु त्यांनी तिकीट लावून सर्वसामान्य लोकांपुढे गाण्याचा प्रघात पाडला. गिरनारवर एका साधूने त्यांना उत्तरेकडे जाण्याची प्रेरणा दिली, असे सांगतात. अखेर ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या खजिन्यावर विसंबून न राहता लोकांच्या साहाय्याने चालणारी ही संगीताची शाळा होती. घरंदाज कुटुंबांतील मुलामुलींनी गाणे शिकावे, म्हणून त्यांनी पदांतील उत्तान शृंगाराच्या जागी भक्तिपर शब्द आणले, स्वरलेखनाची पद्धत बसविली, पुस्तके छापली. या फेरफाराने पदांतील रस उणावला, असे म्हणणारे रसिकही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु ज्या दाराला कुलूप होते ते त्यामुळे उघडले, हेही खरे.

त्यांची खरी निवड मात्र माणसांची. उपदेशक वर्ग काढून त्यांनी होतकरू मुले आपल्याजवळ ठेविली. अन्न, वस्त्र आणि विद्या देऊन त्यांस वाढविले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बा. र. देवधर, कोल्हापूरचे शंकरराव व आणि नारायणराव व्यास हे बंधू याच परंपरेतले. नारायण मोरेश्वर खरे हे शिष्य त्यांनी गांधीजींच्या आश्रमास दिले, आणि तेथील प्रार्थनेस सूर लाभला.

याचे मोल त्यांनी भारी दिले. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, पुढे कर्ज काढून इमारत उभी राहिली, आणि १९२४ च्या सुमारास कर्जापायी ती हातची गेली. बारा अपत्यांपैकी अकरा निवर्तली. एकच पुत्र राहिला. ज्या दत्ताच्या उत्सवात डोळ्यांचे तेज गेले, त्याच दत्तात्रेयाचे नाव त्याला होते. पंडितजी रामनामात रमले, नाशिकास आश्रम करून राहिले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथे स्वर गवसला त्या मिरजेतच त्यांनी देह ठेविला. मुलगा तेव्हा अवघा दहा वर्षांचा.

इमारत राहिली नव्हती. माणसे राहिली होती. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून गुरूचे कार्य पुढे नेले. विनायकराव आणि नारायणराव यांनी गुरुपुत्रास विद्या दिली, आणि तो पंडित द. वि. पलुसकर या नावाने देशाला ललामभूत झाला. १९५५ साली तोही अकाली गेला. पण त्याचा निर्मळ स्वर ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येतो.

कबनूरच्या त्या तरुणास आता आम्ही इतकेच सांगू : बाळा, ध्येय काही आकाशवाणीने येत नाही. एक वाट बंद झाली, की हाती जे उरते त्याकडे नीट पाहावे. ज्याच्यापाशी खरी विद्या आहे त्याचे पाय धरावे. आणि हाती काही आले, की ते ज्यांना देता येईल अशी चार माणसे जोडावी. अवधूताने चोवीस गुरू केले. ते नुसते मोजण्यासाठी नव्हेत, प्रत्येकापासून घेण्याजोगे तेवढे घेण्यासाठी.

उद्या वाडीच्या घाटावर पालखी निघेल. दर्शन घेऊन परतताना वाट थोडी वाकडी करून कुरुंदवाडातून यावे, आणि दारूकाम मुलांपासून दूर ठेवावे, एवढीच आमची विनंती.

श्रीगुरुदेव दत्त.